सल्ला हवा: ग्रुपमधल्या एकाचा पहिला डूम मॅप, खरं मत कसं द्यायचं?

निळी_चावी:
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमचा डूम २ या जुन्या शूटर गेमसाठी मॅप बनवणाऱ्यांचा छोटासा ग्रुप आहे, त्यात एकाने त्याचा पहिलाच मॅप टाकलाय. अल्टिमेट डूम बिल्डर (मॅप बनवायचं सॉफ्टवेअर) घेऊन चार महिने रात्री जागून केलाय आणि मला म्हणाला, ताई तू पूर्ण खेळ आणि खरं काय ते सांग. मी दोनदा खेळले. सुरुवात फार छान आहे, पहिल्याच खोलीच्या खिडकीतून पलीकडच्या अंगणात निळी चावी दिसते आणि तिथे पोचायला आख्खा मॅप फिरून यावं लागतं, हे मला मनापासून आवडलं. पण शेवटच्या हॉलमध्ये आर्च-व्हाइल नावाचे दोन राक्षस सोडलेत आणि आडोशाला एक खांब नाही, तोवर गोळ्याही संपलेल्या असतात. शिवाय डावीकडच्या हिरव्या विषारी खड्ड्यात पडलं की वर यायला लिफ्टच नाही, मरायचं नाहीतर जुना सेव्ह लोड करायचा. ग्रुपवर सगळ्यांनी 'भारी', 'जबरदस्त' टाकलंय, पण खड्ड्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणजे बहुतेकांनी शेवटपर्यंत खेळलेलाच नसावा. मी खरं लिहिलं आणि त्याने बनवणंच सोडलं तर? आणि नाही लिहिलं तर तो आहे तस्साच डूमवर्ल्डवर (डूमच्या चाहत्यांची साइट) टाकेल, मग?

गंजकी_चेनगन:
मत लिहिण्याआधी त्याला डेमो द्या. नवीन लोकांसाठी सांगतो, हा व्हिडिओ नसतो, तुम्ही दाबलेल्या कळांची नोंद असते. इंजिन सेकंदाला 35 टिक, म्हणजे 35 छोट्या पायऱ्या, चालतं आणि मूळ फॉरमॅटमध्ये एका खेळाडूच्या एका टिकला 4 बाइट लागतात, म्हणजे मिनिटभराचा खेळ 8400 बाइटमध्ये बसतो, कुठेही पाठवता येतो. पहिल्यांदा खेळतानाच्या डेमोला एफडीए म्हणतात आणि मॅप बनवणाऱ्याला त्याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही, कारण त्याला स्वतःला प्रत्येक राक्षस कुठे उभाय ते पाठ असतं, त्यामुळे स्वतःचा मॅप त्याला कायम सोपाच वाटतो. अनोळखी माणूस कुठे गोंधळला, कुठे तीन मिनिटं भिंती दाबत फिरला, हे त्याला दिसलं पाहिजे. तुम्ही दोनदा खेळलात म्हणजे तुमचा आता चालणार नाही. मी डीएसडीए-डूमवर (डूम चालवायचा प्रोग्रॅम) रेकॉर्ड करून देतो, वॅड म्हणजे मॅपची फाइल पाठवा.

भिंतीमागचा_स्विच:
डेमो द्याच, पण नुसता डेमो नको. मला माझ्या पहिल्या मॅपवर चार डेमो आले होते, चारही जण एकाच जिन्यावर मेले आणि मला काही केल्या कळेना की चूक त्यांची का माझी. मग एकाने तीन ओळी लिहिल्या: जिन्यावर चेनगनर (मशीनगनवाले शत्रू) अंधारात आहेत, ते दिसायच्या आत गोळी लागते, तिथे उजेड वाढव. आणि दाराच्या बाजूच्या पट्ट्या दाराबरोबर वर सरकतात, त्या जागेवर राहाव्यात म्हणून त्यांना लोअर अनपेग्ड ही सेटिंग लाव. त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण बाकीच्यांनी केलेल्या कौतुकातलं आज एक वाक्य आठवत नाही आणि त्या तीन ओळी प्रत्येक मॅपला आठवतात.

ताई, तुमच्या यादीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. खड्डा ही सरळ चूक आहे, त्यात मत कसलं, 'इथे लिफ्ट राहिलीय' एवढं सांगून मोकळं व्हा. आर्च-व्हाइलचं तसं नाही, त्याला आधी विचारा की हॉलमध्ये काय घडावं असं त्याच्या डोक्यात होतं. आर्च-व्हाइलपासून वाचायचं तर त्याच्या नजरेआड जावं लागतं, हेच त्याला नीट माहीत नसेल. आणि तुम्ही किती अवघड लेव्हलला खेळलात, पिस्तूल स्टार्ट (फक्त पिस्तूल घेऊन सुरुवात) होता का, हे लिहा. अल्ट्रा-व्हायोलन्स या अवघड लेव्हलवर गोळ्या कमी पडणं आणि हर्ट मी प्लेंटी या मधल्या लेव्हलवर कमी पडणं यात खूप फरक आहे.

गंजकी_चेनगन:
हे पटलं. फक्त खड्ड्याचं त्याला पर्सनलला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे, बाकीचं ग्रुपवर लिहा म्हणजे इतरही शिकतील.

भिंतीमागचा_स्विच:
मी तर खड्डाही ग्रुपवरच लिहीन. सगळ्या चुका पर्सनलला गेल्या की ग्रुपवर फक्त 'भारी' उरतं, आणि मग कोणी कधी खरं लिहिलं की ते भांडण वाटतं. खिडकीतल्या चावीचं मात्र अगदी असंच लिहा जसं इथे लिहिलंय. 2004 पासून दर डिसेंबरात काकोवॉर्ड्ज हे डूम मॅप्सचे पुरस्कार येतात, त्यातलं कौतुक वाचा, कुठल्या मॅपमध्ये नेमकं काय आवडलं ते लिहिलेलं असतं, म्हणून ते खरं वाटतं.

निळी_चावी:
दोघांचेही आभार. काल ग्रुपवर लिहिलं, आधी चावी, मग खड्डा, मग हॉलबद्दल प्रश्न. मी हर्ट मी प्लेंटीवर पिस्तूल स्टार्टने खेळले तेही सांगितलं. दिवसभर उत्तर नव्हतं, मला झोप नीट लागली नाही. आज सकाळी त्याचा मेसेज आला की हॉलमध्ये सतत पळत राहावं लागावं असं त्याला हवं होतं, थांबून लढाई नको होती, म्हणून खांब मुद्दाम काढले होते. आता दोन खांब परत घालून बघतो म्हणाला. लिफ्ट झालीये. चेनगन, नवीन वॅड तुम्हाला पाठवलीय, आत काय आहे ते काही सांगत नाही, पहिल्याच खेळाचा डेमो द्या.