ओंडक्यांच्या जुन्या घराच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशन आणि नवे साइडिंग : सल्ला हवा आहे

नमस्कार.

अमेरिकेत, उत्तर मिनेसोटातील ईली गावाजवळ आमचे ओंडक्यांचे जुने घर आहे. १९३०च्या दशकातले हे बांधकाम रेड पाइनच्या सुमारे ८ इंच जाडीच्या गोल ओंडक्यांचे असून आजवर ते फक्त उन्हाळ्यात वापरले जात असे. आता तेथे बारमाही राहायचे ठरवले आहे आणि थंडीत तिथला पारा उणे ३० अंश सेल्सियसच्याही खाली उतरतो. आतून लाकूड उघडेच राहावे अशी आमची मनापासून इच्छा आहे, म्हणून इन्सुलेशन बाहेरून करायचे आहे.

मऊ लाकडाची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप; जितकी जास्त तितके चांगले) इंचाला साधारण १.२५ धरली, तर ही भिंत जेमतेम १० भरते. दोन गोल ओंडके एकमेकांवर टेकतात तिथे जाडी कमी असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. खरा त्रास मात्र हवेच्या गळतीचा आहे. सांध्यांतला जुना सिमेंटचा गारा लाकडापासून सुटला असून जानेवारीत ईशान्य कोपऱ्यात, पलंगामागच्या सांध्यावर, हिमाची पांढरी रेघ धरते आणि शेगडी तापली की ती वितळून ओघळते. कोकणात भिंतीला पाऊस बाहेरून भिजवतो; इथे हिवाळ्यात घरातली वाफच फटींतून बाहेर निघते आणि गार लाकडावर पाणी होऊन बसते.

आमचा बेत असा आहे : सांधे लवचिक सीलंटने बंद करायचे, त्यावर हवा अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा लावायचा, मग मिनरल वूलच्या (दगडाच्या वितळलेल्या तंतूंपासून केलेल्या लोकरीच्या) कडक बोर्डांचे २ इंची दोन थर सांधे चुकवून बसवायचे. इंचाला ४ या हिशेबाने त्यातून १६ मिळतात. त्यावर लांब स्क्रूंनी उभ्या पट्ट्या, पाऊण इंचाची पोकळी, वर-खाली कीटकांसाठी जाळी आणि शेवटी साइडिंग, म्हणजे बाहेरचे आच्छादन, म्हणून सिडार लाकडाच्या फळ्या.

एका कंत्राटदाराने मात्र एक्सपीएस फोम (वाफ फारशी जाऊ न देणारा पॉलिस्टायरीनचा कडक फोम) सुचवला आहे. फोम पुरेसा जाड असला तर ओंडके उबदार राहतात आणि आतल्या बाजूने वाळतात, हा त्याचा मुद्दा बिनबुडाचा नाही. तरीही खिडकीच्या कडेने पाणी शिरलेच, तर त्याला बाहेर पडायला वाट उरणार नाही, ही भीती मला सोडत नाही. उत्तरेकडच्या सर्वांत खालच्या ओंडक्यात आजच स्क्रूड्रायव्हर सहज रुततो. तो ओंडका बदलून, शेजारच्या उघड्या लाकडाला बोरेट (कूज आणि कीड रोखणारे क्षार) लावून आणि ओलावा २० टक्क्यांच्या खाली आल्यावरच भिंत झाकायची, एवढे पक्के आहे.

जाणकारांकडून पुढील गोष्टींबद्दल मार्गदर्शन हवे आहे. गोल ओंडक्यांमुळे सपाट बोर्डामागे ज्या पोकळ्या राहतील त्यांतून गार हवा खेळली तर सगळी मेहनत वाया जाईल. त्या मऊ मिनरल वूलच्या पट्ट्यांनी भराव्यात, की बोर्डांचा नाद सोडून उभ्या चौकटी उभारून त्यांत सेल्युलोज (कागदाच्या लगद्याचे इन्सुलेशन) दाबून भरावे? कोपऱ्यांत बाहेर डोकावणारी ओंडक्यांची टोके भिंतीसरशी कापली तर ओंडके एकमेकांत अडकवणाऱ्या खाचेची पकड कमकुवत होते का? तसेच भिंत ५ इंचांहून अधिक जाड झाल्यावर १२ इंचांची वळचण निम्मी उरेल. अशा वेळी खिडक्या नव्या साइडिंगच्या पातळीवर पुढे आणाव्यात, की जागीच ठेवून बाहेरून पाणी वळवणारी पत्र्याची पट्टी द्यावी?

ज्यांनी थंड प्रदेशात असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी दोन-तीन हिवाळ्यांनंतर लाकडातला ओलावा किती राहिला हेही कृपया लिहावे. आमच्या भिंतींची मोजमापे आणि कोपऱ्यांची छायाचित्रे हवी असल्यास येथे देतो.