मदत हवी आहे: कामाची मुदत वाढवली तरी टायमर जुन्याच वेळी वाजतो

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेची कर्जमंजुरीची प्रक्रिया कॅमुंडा ७ वर (कामाचे टप्पे क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर) चालते. छाननीच्या कामाला बाउंडरी टायमर (कामाला जोडलेला, वेळ संपली की सुटणारा टायमर) लावलाय, कालावधी ‘पी३डी’, म्हणजे तीन दिवस. तेवढ्यात काम झालं नाही तर प्रकरण वरिष्ठांकडे जातं.

अडचणी दोन. शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या अर्जाचे शनिवार-रविवारही मोजले जातात. दुसरी जास्त त्रासदायक आहे. कागद अपुरे असले की आम्ही त्या कामाची ड्यू डेट, म्हणजे मुदतीची तारीख, पुढे ढकलतो, पण टायमर मूळ वेळेलाच सुटतो. गेल्या आठवड्यात आमच्या एका ताईंना यावरून विनाकारण बोलणी खावी लागली, ते मला फार लागलं.

शोधल्यावर एवढं कळलं की ड्यू डेट ही नुसती नोंद असते. टायमर हा वेगळा जॉब (ठरल्या वेळी सॉफ्टवेअरने आपोआप करायचं काम) असतो आणि त्याची वेळ काम सुरू होतानाच ठरते.

मग मुदत बदलली की टास्क लिसनरमधून (कामात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) तो जॉब शोधून त्याचीही तारीख बदलावी का? आणि सुट्ट्या वगळायला कालावधीऐवजी जावा बीनने (जावा भाषेतल्या आपल्या छोट्या कोडने) काढलेली तारीख द्यावी का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी हे बसवायचंय.