ड्रिल फेकण्याआधी ब्रश बघा

'स्वस्तातलं ड्रिल बिघडलं की फेकावं, कस्टमर केअरशी डोकं लावू नये' असं कुणीकुणी सांगतं, ते अर्धंच पटलं. माझं ड्रिल चवथीच्या चार दिवस आधी, माटोळीचे (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचे) हूक बसवताना गप्प झालं. हमीचे सात महिने शिल्लक. फोनवर उत्तर: गोव्यात सेंटर नाही, स्वतःच्या खर्चाने बेळगावला पाठवा. पाठवलं. तीन आठवड्यांनी तसंच परत, वर चिठ्ठी, 'आत ओल शिरली आहे, हमीत बसत नाही'. अहो, भाद्रपदात गोव्यात ओल शिरत नाही अशी वस्तू दाखवा! शेवटी मोटरच्या दोन्ही बाजूंची काळी टोपणं स्क्रूड्रायव्हरने काढली. एक कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा छोटा ठोकळा) चिऱ्याच्या तांबड्या धुळीने खाचेत असा रुतला होता, की स्प्रिंग ढकलत असूनही कम्युटेटरला, म्हणजे त्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला, टेकत नव्हता. धूळ पुसली, फोंड्यातून नवी जोडी आणून घातली, मशीन सुरू. (काही मॉडेलांत टोपणं नसतात, कवच उघडावं लागतं. तिथे हमी संपेपर्यंत हात लावू नका.)

भांडण मात्र सोडलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. दहाव्या दिवशी कंपनीचाच फोन आला, कुरिअरचे पैसे मिळाले. नसते मिळाले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, विक्रेता दिल्लीचा का असेना. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. बिलाचा फोटो तेवढा काढून ठेवा, माझं छापील बिल पाच महिन्यांत कोरं झालं होतं.