‘आंतरपेशीय’ म्हणजे पेशीच्या आत की पेशी-पेशींमध्ये?

शब्दवेडी: मेंदूवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. बेगियाटोआ या जिवाणूचे प्रकाशसंवेदी प्रथिन चेतापेशीत तयार करवून तिच्यावर निळा प्रकाश सोडला, की ते प्रथिन एटीपी या ऊर्जावाहक रेणूपासून चक्रीय एएमपी हा निरोप पोहोचवणारा रेणू बनवते आणि पेशीच्या आतच संदेशांची साखळी सुरू होते. याला मी ‘पेशीअंतर्गत संदेशवहन’ म्हटले होते. संपादकांनी त्याचे ‘आंतरपेशीय’ केले. मला ते दोन पेशींमधले वाटते, म्हणजे लेखाचा मुद्दाच उलटला. कोणाचे बरोबर?

खडूफळा: आपलेच. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय या सर्वांत ‘आंतर’ दोहोंमधले आहे. संपादकांच्या मनात बहुधा ‘आंतरिक’ असावे. मात्र आपली जोडणीही कच्ची आहे. संधी केल्यास ‘पेश्यंतर्गत’ होईल.

डार्करूम: ‘पेश्यंतर्गत’ला अडखळलेला वाचक पुढचे वाक्य वाचणार नाही. ‘पेशीच्या आतले’ म्हणायला काय हरकत आहे?

खडूफळा: शीर्षकात आणि तक्त्यात एकशब्दी विशेषण लागते, ही हरकत. ‘पक्षांतर्गत’ आपण रोज वाचतो आणि त्याची ‘पक्षांतरा’शी गल्लत करीत नाही. तिथे संधी चालतो, मग इथेच का खुपावा?

मोडीप्रेमी: माझा आक्षेप ‘संदेशवहना’वर आहे. चेतापेशी प्रकाशाने चालवण्याच्या 2005 साली गाजलेल्या प्रयोगात क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळाचे चॅनेलऱ्होडॉप्सिन हे प्रथिन वापरले होते. ते म्हणजे पेशीच्या पटलातले दार. प्रकाश पडताच ते उघडते, धनभारित आयन आत शिरतात आणि पेशी विद्युत्-स्पंद सोडते. चक्रीय एएमपीचे काम वेगळे. बाहेरून आलेले संप्रेरक पेशीच्या पटलापाशीच थांबते आणि त्याचे म्हणणे आत पोहोचवतो तो हा रेणू, म्हणून त्याला ‘दुसरा निरोप्या’ म्हणावे. हे उलगडणाऱ्या अर्ल सदरलँड यांना 1971 चे नोबेल मिळाले. दोन्ही गोष्टींना एकच शब्द लावला, तर जिवाणूच्या प्रथिनाचे वेगळेपण वाचकाला कळणारच नाही.

डार्करूम: आमच्या आजीला ‘निरोप आलाय’ म्हटले, की ती आधी पदर डोळ्यांना लावीत असे आणि मग कोणाचा ते विचारीत असे. साधे ‘संकेत’ म्हणा.

मोडीप्रेमी: संकेत म्हणजे रूढी, संकेत म्हणजे प्रेमिकांनी ठरवलेली भेट, त्यावरून आलेल्या ‘संकेतस्थळा’चे आपण काय केले, ते समोरच आहे. ‘इशारा’ म्हणावे, तर हवामान खाते आठवते.

शब्दवेडी: संपादकांनी ‘पेशीच्या आतील’ मान्य केले आहे, परंतु आता ‘प्रकाशसंवेदी’ऐवजी ‘प्रकाशसंवेदनशील’ हवे असे ते म्हणतात.

खडूफळा: संवेदनशील माणसे असतात. प्रथिनांना ‘संवेदी’ पुरे.

डार्करूम: छायाचित्राच्या कागदाला आम्ही वर्षानुवर्षे संवेदनशीलच म्हणत आलो. लाल दिव्याखाली तो निवांत पडून राही आणि दाराच्या फटीतून उजेड आला, की काळा पडे. त्याला ‘संवेदी’ म्हणताना कोणाला मी ऐकलेले नाही.