आपल्याच बाजूचं खोटं कधी पकडलंत?

समोरच्यांची थाप आपल्याला लांबूनच ओळखू येते. इथे मात्र फक्त ते अनुभव लिहा, ज्यांत थाप आपल्याच बाजूची होती. शेजाऱ्यांच्या अंधश्रद्धा नकोत, त्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

सुरुवात मीच करते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या सभेसाठी फलक रंगवत होते. मत पटलं नाही तरी ते मांडायच्या हक्कासाठी मरेपर्यंत लढेन, हे ते प्रसिद्ध वाक्य. खाली झोकात 'व्हॉल्तेअर'. मूळ फ्रेंच शब्द शोधायला गेले तर सापडेनात. सापडणार कसे? व्हॉल्तेअर हा फ्रेंच विचारवंत १७७८ मध्येच गेला. वाक्य एका इंग्रज लेखिकेचं, १९०६ सालचं, त्याची वृत्ती सांगताना लिहिलेलं. रंग ओला होता. नाव पुसलं, डाग राहिला. सभेत दोघांनी विचारलं, "अहो, खाली व्हॉल्तेअर लिहायचं राहिलं का?"

*

पौर्णिमेला कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नसते, हे मी नव्या मुलींना छातीठोक सांगायचे. एका रात्री तशीच झुंबड उडाली. "आज पौर्णिमा दिसतेय," मी म्हटलं. नवी मुलगी खिडकीशी जाऊन आली. "सिस्टर, चंद्र अर्धाच आहे." अशा अर्ध्या चंद्राच्या किती रात्री मी विसरले असेन, कुणास ठाऊक.

*

पत्रकं मी लिहायचो. 'धोका दुप्पट!' हा माझा लाडका मथळा. मग ब्रिटनमधली १९९५ची हकीकत वाचली. नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा निघाला. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले. मूळ आकडा काय? ७,००० जणींत एकीच्या जागी दोघी. गरोदरपणात गुठळीचा धोका तर त्याहून जास्त!

जुनी पत्रकं काढून बसलो. किती जणांत किती, हे एकातही नव्हतं. एका पत्रकाचा हिशेब मुळापासून केला, तर धोका खरोखरच मोठा निघाला. त्याचीच जास्त लाज वाटली. मी न तपासताच बरोबर ठरलो होतो.

*

माझं छोटंसं. 'डायहायड्रोजन मोनॉक्साइड'वर बंदी आणा, या अर्जावर मी सही केली. आम्लपावसात असतं, श्वासनलिकेत गेलं तर जीव घेतं. सगळं खरं, कारण ते पाणी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत एका शाळकरी मुलाने ५० जणांना हेच विचारलं, तेव्हा ४३ जण बंदीच्या बाजूने गेले होते.

मी रसायनशास्त्र शिकवते.

*

वरचं सगळं मान्य, पण माझं उलट झालं. एक आकडा चुकलेला दिसला म्हणून दुसरा तपासला, मग तिसरा. तोवर मोर्चा निघून गेला. मागणी रास्त होती हो! आकडा चूक आणि मागणी बरोबर, असं असू शकतं हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. बैठकीत दुरुस्ती सुचवली, तर बाजूचा म्हणाला, "तू नक्की कोणाचा?" मी कागद घडी करून खिशात ठेवला. या प्रश्नाला कुणी काही उत्तर दिलं असेल, तर इथे लिहा.