जेसीबी तासावर की ठोक?

दादा, तुम्ही विचारलंत की चोपड्याकडचं रान साफ करून सपाटीकरण आणि चर काढायला जेसीबी तासावर घ्यावा की ठोक, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, द्यावं. मी दोन्ही करून पाहिलंय. वेडी बाभूळ काढणं तासावर, चर मात्र फुटावर ठरवा. तासावर असेल तर अवर मीटरचा (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो काम सुरू होताना आणि संपताना काढा. आमच्याकडे ड्रायव्हरच्या चहा-बिडीचा वेळही बिलात आला होता, आणि भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं!

बाभूळ वरून कापून चालत नाही, खोडातून परत फुटते. मुळासकट उपटून घ्या.

खरी चूक सपाटीकरणात होते. आमच्या माणसाने वरची काळी माती खोलगटात लोटली आणि उंचवट्यावर पांढरट मुरूम उघडा पडला. तिथे कपाशी अजून गुडघ्याच्या वर जात नाही. वरची फूटभर माती आधी बाजूला ढीग लावून ठेवायची, खालचं सारखं करायचं, मग ती परत पसरायची. हे आधीच बोलून, कागदावर लिहून घ्या.

चराला 100 फुटांत सहा इंच उतार पुरतो. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने स्वतः तपासा, नजरेवर जाऊ नका. तोंड नाल्यातच काढा, शेजाऱ्याच्या बांधावर नको. पाण्याच्या नैसर्गिक वाटेचा वाद 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे जातो, आणि तारखा सुरू होतात. काम मे महिन्यातच उरका, ओल्या काळ्या मातीत मशीन घातलं की जमीन दबते.