मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद?

‘सायलेन्सरचा पाइप जितका मोठा, तितकी ताकद जास्त’ हे नेहमी ऐकू येणारे विधान अर्धेच खरे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (इंजिनातून जळका वायू बाहेर सोडणारी झडप) उघडताच निघालेली दाबाची लाट पाइपच्या मोकळ्या टोकाशी उलटून कमी दाबाची होऊन परतते, आणि हा आणि मिश्रण आत घेणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतानाच ती पोचली, तर जळका वायू बाहेर खेचून पेट्रोल-हवेच्या ताज्या मिश्रणाला वाट करून देते. ही वेळ मुख्यतः पाइपच्या लांबीवर ठरते. व्यास वाढवला की वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) ओढ जाते.

सोलापुरात होटगी रस्त्यावर मी १५० सीसीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला मोकळा सायलेन्सर बसवून घेतला, तेव्हा आवाज दणदणीत झाला (शेजारी साक्षीला आहेत), पण डबल सीट निघताना क्लच घसरवावा लागे. पंधरवड्याने स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). मेन जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा केल्यावर ते सुधारले, खालची ओढ मात्र परतली नाही.